निवडणुकीची लोकवर्गणी

मराठी माणसास वर्गणी ही गोष्ट नवी नाही. गावचे देऊळ मोडकळीस आले, तालमीचे छप्पर उडाले, वाचनालयास कपाट हवे झाले किंवा गणेशोत्सव जवळ आला, की चार माणसे पावतीपुस्तक घेऊन निघतात आणि घरोघर जाऊन पैसे गोळा करतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे जाऊन स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनीही आपले उत्सव, आपली मंडळे आणि आपल्या शाळा ह्याच रीतीने उभ्या केल्या. देणारा आपले नाव सांगतो, घेणारा पावती फाडतो, आणि कार्य पार पडले की जमाखर्चाचा कागद फळ्यावर लागतो. त्यात कोणास संकोच वाटत नाही. परंतु हीच माणसे उद्या एखाद्या सज्जन उमेदवाराच्या निवडणुकीसाठी वर्गणी मागावयास निघाली, तर मागणाऱ्याची जीभ अडखळते आणि देणाऱ्याचा हात खिशापाशीच थांबतो. निवडणूक आणि पैसा हे दोन शब्द एकत्र आले, की त्यांत काही तरी लपविण्यासारखे असलेच पाहिजे, अशी लोकांची समजूत होऊन बसली आहे.

ह्या समजुतीने निवडणुकीचा खर्च मात्र कमी होत नाही. तो ज्यांना संकोच वाटत नाही अशांच्या हाती जातो, एवढेच. शंभर घरांनी शंभर-शंभर रुपये दिले नाहीत, तर दहा हजार रुपये देणारा एकच मनुष्य पुढे येतो. आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या दारात पुढे कोणाची चप्पल अधिक वेळा दिसावी, हेही त्याच दिवशी ठरून जाते. म्हणून सामान्य मतदाराने आपल्या पसंतीच्या उमेदवारास द्रव्यसाहाय्य करावे की नाही, हा प्रश्न वस्तुतः फारसा कठीण नाही. ते कसे करावे, कोणत्या वाटेने करावे, हा खरा प्रश्न आहे. ह्या वाटा कायद्याने आखून दिलेल्या आहेत, आणि त्या ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा उमेदवाराचे हितचिंतकच त्याचे नुकसान करून बसतात.

राजकारणासाठी लोकांकडून थोडे थोडे मागावे, ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. अंताजी दामोदर काळे ह्यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, तीत प्रत्येकाकडून वर्षाला फक्त एक पैसा मागितला होता. त्याच फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या साठीनिमित्त पुण्यास त्यांना एक लाखाची थैली अर्पण झाली, आणि त्यांनी ती राष्ट्रकार्यास देऊन टाकली. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी चार आणे ठरली. दुसऱ्याच वर्षी, १९२१ मध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प झाला आणि तो ठरल्या मुदतीत पार पडला. ह्या सर्व प्रयत्नांत जमलेल्या रकमेइतकेच महत्त्व जमविण्याच्या रीतीला होते. चार आणे देणारा शेतकरी त्या दिवसापासून चळवळीकडे तमाशा म्हणून पाहत नसे. ती त्याची होऊन जात असे. ह्याबरोबर दुसरीही एक शिस्त होती. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हापासून गांधीजींचा आग्रह असे, की सार्वजनिक पैशाचा हिशेब पैपर्यंत चोख असावा आणि लहानांतल्या लहान रकमेचीही पावती दिली जावी. वर्गणी आणि हिशेब ह्या दोहोंची फारकत झाली, की पहिलीही फार दिवस टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर निवडणुकीसाठी जो कायदा झाला, तो १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा. त्यातील खर्चमर्यादेची कल्पना मूळची इंग्लंडमधील. तेथे १८८३ सालीच उमेदवाराच्या खर्चास मर्यादा घालण्यात आली होती. ह्या मर्यादेमागील विचार साधा आहे. निवडणुकीत मते मोजली जावीत, थैल्या मोजल्या जाऊ नयेत. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत ठरल्याप्रमाणे मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपयांपर्यंत व विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा मिळाली. गोव्यासारख्या लहान राज्यात हेच आकडे ७५ लाख आणि २८ लाख असे ठरले. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद ह्यांच्या निवडणुकांचे नियम राज्य निवडणूक आयोग स्वतंत्रपणे करतो, आणि तेथील मर्यादा वेगळ्या असतात.

हे नियम प्रत्यक्ष व्यवहारात कसे लागू पडतात, हे समजण्यासाठी एका तालुक्याची कल्पना करावी. तेथील एक निवृत्त गुरुजी विधानसभेसाठी अपक्ष म्हणून उभे राहतात. त्यांनी तीस वर्षे शिकविले, पाण्याच्या प्रश्नावर खेटे घातले, आणि आता त्यांचेच विद्यार्थी त्यांना म्हणत आहेत, की गुरुजी, तुम्ही फक्त उभे राहा, बाकीचे आम्ही पाहून घेतो. ह्या ‘आम्ही पाहून घेतो’ ह्या तीन शब्दांतच पुढील सगळ्या अडचणींचे बीज असते.

पहिला खर्च अनामत रकमेचा. विधानसभेसाठी ती दहा हजार रुपये असते. अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारास तिची निम्मी, म्हणजे पाच हजार. लोकसभेसाठी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार असे आहेत. पडलेल्या एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पराभूत उमेदवाराची ही रक्कम जप्त होते. अपक्ष उमेदवारास अर्जावर मतदारसंघातील दहा मतदारांच्या सूचक म्हणून सह्याही लागतात. हे दहाजण आणि त्यांचे सोबती मिळून अनामत भरावयाचे ठरवितात. त्यास कायद्याची काहीही आडकाठी नाही. वर्गणी देणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावयास हवा, असेही बंधन नाही. पोटापाण्यासाठी बंगळुरास किंवा इंदुरास गेलेला विद्यार्थीही गुरुजींस वर्गणी पाठवू शकतो.

परंतु ही रक्कम जमा कोठे व्हावी? निवडणूक आयोगाचा नियम असा, की उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी निदान एक दिवस आधी केवळ निवडणुकीसाठी म्हणून बँकेत वेगळे खाते उघडावे. ते त्याच्या एकट्याच्या नावे असावे, किंवा त्याच्या आणि त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संयुक्त नावे. स्वतःचा पैसा असो, पक्षाचा असो वा हितचिंतकांचा असो, तो आधी ह्या खात्यात यावा आणि तेथूनच खर्च व्हावा. धनादेशाने किंवा मोबाईलवरून पाठविलेल्या पैशास ही वाट सोपी असते. रोख रकमेच्या बाबतीत एका व्यक्तीकडून दहा हजारांहून अधिक घेऊ नये, आणि संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीस वा दुकानास दहा हजारांहून अधिक रोख देऊही नये. उत्साही विद्यार्थी मंडप उभारणाऱ्याचे तीस हजार रुपये आपल्या खिशातून परस्पर देऊन टाकतात आणि गुरुजींना कळवितही नाहीत. त्यांना वाटते, आपण गुरुजींचा भार हलका केला. वास्तविक त्यांनी तो वाढविलेला असतो.

कारण ह्याविषयीचा दंडविधानातील नियम फार जुना आणि फार कडक आहे. उमेदवाराच्या लेखी संमतीवाचून कोणीही त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य मार्गाने खर्च केला, तर तो गुन्हा ठरतो. हा नियम १९२० साली त्या वेळच्या दंडसंहितेत आला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. पूर्वी त्यासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. आता तो दहा हजारांपर्यंत होऊ शकतो. त्यातून एकच सवलत आहे. दहा रुपयांपर्यंतचा खर्च संमतीवाचून झाला असेल आणि खर्चाच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत उमेदवाराची लेखी मान्यता मिळविली असेल, तर तो संमतीनेच झाला असे मानण्यात येते. दंड वीसपट झाला. दहा रुपयांचा आकडा मात्र आहे तेथेच राहिला. आज दहा रुपयांत धड एक फलकही रंगवून होणार नाही. तेव्हा ह्या सवलतीवर विसंबण्यात अर्थ नाही. हितचिंतकांनी खर्चापूर्वी उमेदवाराची किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीची चिठ्ठी घ्यावी, हाच एक सुरक्षित मार्ग. प्रेम तोंडी असावे, संमती लेखी असावी.

हेच छापखान्याविषयी. प्रत्येक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता छापलाच पाहिजे. प्रकाशकाने आपल्या ओळखीचे प्रतिज्ञापत्र दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीने मुद्रकास द्यावयाचे असते. हा नियम मोडणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुरुजींच्या एखाद्या विद्यार्थ्याचा छापखाना असला आणि त्याने गुरुदक्षिणा म्हणून पाच हजार पत्रके फुकट छापून दिली, तरी ती फुकट ठरत नाहीत. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या दरपत्रकाप्रमाणे त्यांची किंमत धरली जाते, ती देणगी म्हणून एका बाजूस आणि खर्च म्हणून दुसऱ्या बाजूस लिहावी लागते. कोणी आपली जीप दिली, कोणी ध्वनिक्षेपक दिला, कोणी कार्यकर्त्यांस जेवू घातले, तर ह्या वस्तुरूप देणग्यांनाही हाच न्याय लागतो. जीपला परवाना हवा आणि तो काचेवर लावलेला हवा. मतदानाच्या दिवशी मात्र त्याच जीपमधून मतदारांस केंद्रापर्यंत फुकट नेणे हे कायद्याने भ्रष्ट आचरण मानलेले आहे. म्हातारीस आधार देण्याच्या भावनेने केलेली ही गोष्ट निवडून आलेल्या गुरुजींची जागा घालवू शकते. मतदारांस पंगत घालणे, लुगडे-धोतर वाटणे ह्या गोष्टी तर उघडच लाचेत मोडतात. त्यांना वर्गणीचे पैसे लावणे म्हणजे वर्गणीदारांचाही अपमान करणे होय.

मग हितचिंतकांनी द्यावे तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. पैसा द्यावा, पण तो पावतीने द्यावा. वस्तू द्यावी, पण तिची किंमत लिहून द्यावी. आणि ज्याला किंमत लावावी लागत नाही असे एक दान सर्वांजवळ असते, ते म्हणजे स्वतःचे श्रम. मोबदला न घेता घरोघर फिरणे, मतदारयादी तपासणे, आपल्या आळीत दहा माणसे बसवून उमेदवाराचे म्हणणे समजावून सांगणे, हिशेब लिहावयास बसणे, ह्यास खर्च पडत नाही. लहान माणसांच्या प्रचाराचे खरे भांडवल हेच असते. ज्या उमेदवाराजवळ दोनशे पायी फिरणारी माणसे आहेत, त्याला वीस गाड्यांची उणीव फारशी भासत नाही.

त्यांतही हिशेब लिहिणाऱ्याचे श्रम सर्वांत मोलाचे. उमेदवारास आयोगाकडून एक नोंदवही मिळते. तिची पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी पाने रोखीची आणि पिवळी पाने बँकेची. प्रचाराच्या काळात ती निदान तीन वेळा खर्च निरीक्षकापुढे ठेवावी लागते. आणि निरीक्षकाची माणसे सभांचे चित्रण करून आपलीही एक समांतर वही ठेवीत असतात. दोन्ही वह्यांत अंतर पडले, की खुलासा मागितला जातो. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा हा सर्व हिशेब, निकालानंतर ३० दिवसांच्या आत, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. ही जबाबदारी जिंकणाऱ्याची तशीच हरणाऱ्याचीही. पुष्कळ अपक्ष उमेदवार पराभवाच्या खिन्नतेत, किंवा आता काय करावयाचे आहे ह्या समजुतीने, हिशेब देतच नाहीत. योग्य कारणाशिवाय असे करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविण्याचा अधिकार आयोगास आहे. दिलेला हिशेब खरा नसेल तरीही तीच गत. २०११ साली उत्तर प्रदेशातील एका विद्यमान आमदारास, वृत्तपत्रांत बातमीच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रचाराचा खर्च हिशेबात न दाखविल्यावरून, आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. मर्यादेपेक्षा अधिक खर्च झाल्याचे न्यायालयात सिद्ध झाले, तर निवडणूकच रद्द होऊ शकते. म्हणजे आमचे गुरुजी मतांनी जिंकून विद्यार्थ्यांच्या प्रेमामुळे हरू शकतात. ज्याच्याजवळ मुनीम आणि वकील आहेत तो उमेदवार अशा खड्ड्यांतून सहसा सुटतो. पाय अडकतो तो साध्या माणसाचा. म्हणून हे नियम साध्या माणसांनीच अधिक जाणून घ्यावयास हवेत.

अपक्षाऐवजी एखाद्या नोंदलेल्या पक्षास देणगी द्यावयाची असेल, तर तिची वाट थोडी निराळी आहे. पक्षास दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने देता येत नाही. ती बँकेमार्फत द्यावी लागते. एका वर्षात वीस हजारांहून अधिक देणाऱ्याचे नाव पक्षाने निवडणूक आयोगास कळवावे लागते, आणि तसे न कळविल्यास पक्षाची प्राप्तिकरातील सवलत जाते. देणगीदारासही, जुन्या कररचनेप्रमाणे कर भरीत असल्यास, रोखीखेरीज दिलेल्या देणगीवर करात सूट मिळते. ती पक्षासाठी आहे, अपक्ष उमेदवारासाठी नाही. ह्या सुटीचा दुरुपयोगही झाला. केवळ कागदावर अस्तित्व असलेले काही पक्ष धनादेशाने देणगी घेत आणि आपला हिस्सा कापून ती रोखीने परत करीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने असे ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढून टाकले, ज्यांनी सहा वर्षांत एकही निवडणूक लढविली नव्हती. पक्षास देणगी देण्यापूर्वी तो पक्ष आयोगाच्या यादीत आहे काय आणि तो निवडणुका लढवितो काय, एवढे पाहणे हे देणाऱ्याचे कर्तव्य होय.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींचाही येथे विचार करावयास हवा. २०१० च्या विदेशी अंशदानाच्या कायद्याप्रमाणे कोणत्याही उमेदवारास वा पक्षास परकीय पैसा घेता येत नाही. परंतु मस्कतला नोकरी करणारा मनुष्य जर भारताचा नागरिक असेल आणि आपल्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे पाठवीत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याच्याच सख्ख्या भावाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचा मात्र एक रुपयाही घेता येणार नाही. मग त्याची गुरुजींवरील भक्ती कितीही जुनी असो. दोघे एकाच ताटात जेवलेले असले, तरी कायदा येथे रक्त पाहत नाही, पारपत्र पाहतो.

ह्या सर्व नियमांकडे पाहून सामान्य माणसास वाटते, की लहान देणगीदारास एवढी बंधने, मग मोठ्यांचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा इतिहास मुंबईशीच निगडित आहे. १९५७ साली टाटा लोखंड-पोलाद कंपनीने राजकीय पक्षांस देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करण्याची परवानगी मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायद्यानुसार दिली. परंतु मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांनी त्याच निकालात इशारा दिला, की ही प्रवृत्ती वाढत जाऊन नवजात लोकशाहीचा गळा घोटण्याचा धोका आहे, आणि संसदेने तिचा विचार करावा. १९६० साली संसदेने कंपन्यांच्या देणग्यांस मर्यादा घातली. १९६९ साली त्यांवर बंदीच घातली. १९८५ साली ती उठविली. बंदीच्या काळात देणगी थांबली नाही, ती हिशेबाबाहेर गेली, असे अनेक जाणकारांचे मत आहे. २०१३ च्या कायद्याने नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठरली, ती २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली. आणि २०१८ मध्ये देणाऱ्याचे नाव जनतेपासून गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती योजना, आणि कंपन्यांवरील मर्यादा काढणारी दुरुस्तीही, घटनाबाह्य ठरविली. पक्षास पैसा कोण देतो हे कळल्याशिवाय मतदारास आपले मत समजून-उमजून देता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मोठ्या देणगीदाराचे नाव उघड व्हावे हे योग्य. पण लहानाचे काय? बाजारपेठेतला किराणा दुकानदार गुरुजींस पाचशे रुपये देतो आणि गुरुजी हरतात. उमेदवाराने सादर केलेला हिशेब कोणीही एक रुपया शुल्क भरून पाहू शकतो. विजयी पक्षाच्या एखाद्या तापट कार्यकर्त्याने तो पाहिला आणि दुकानदाराचा परवाना अडला, तर त्याने काय करावे? पक्षांच्या बाबतीत वीस हजारांच्या रेषेखाली असलेल्या देणगीदाराचे नाव आयोगास कळवावे लागत नाही, त्यामागे लहान माणसास काही आडोसा असावा हाच विचार आहे. आणि २०२४ च्या निकालातही देणगीदाराच्या राजकीय मताच्या खाजगीपणाचा विचार न्यायालयाने केला आहे. अपक्षाच्या वर्गणीदारास मात्र हा आडोसा अपुरा पडतो. त्यावर कायद्याने काय करावे हा विचारवंतांचा विषय आहे. पण व्यवहारात एक उपाय लोकांच्या हाती आहे, आणि तो म्हणजे संख्या. यादीत दहा नावे असली, तर दहाजणांना गाठता येते. दोन हजार नावे असली, तर कोणाकोणास गाठणार? लहान देणगीदारास खरे संरक्षण शेजारच्या देणगीदाराचेच असते. वर्गणी जितक्या अधिक घरांतून येईल, तितकी ती प्रत्येक घरास कमी धोक्याची होते.

शासनाने निवडणुकीचा खर्च अंशतः उचलावा, असाही एक विचार आहे. १९९८ साली इंद्रजित गुप्त समितीने मान्यताप्राप्त पक्षांस रोख रकमेऐवजी वस्तुरूपाने साहाय्य द्यावे, अशी शिफारस केली होती. थोड्या प्रमाणात असे साहाय्य आजही मिळते. आकाशवाणीवर १९७७ च्या निवडणुकीपासून मान्यताप्राप्त पक्षांस विनामूल्य वेळ देण्यात येतो, आणि त्यांच्या उमेदवारांस मतदारयादीही मोफत मिळते. परंतु अपक्षास ह्यातले फारसे काही पोचत नाही. त्याचा आधार म्हणजे त्याची माणसे. आणि शासनाने उद्या सर्व खर्च उचलला, तरी लोकवर्गणीचे एक काम त्याने होणार नाही. मत पाच वर्षांतून एकदा द्यावयाचे असते. ज्याने पन्नास रुपये दिले, तो मात्र पुढील पाच वर्षे आपल्या पन्नास रुपयांचे काय झाले ते विचारीत राहतो.

म्हणून ज्यांना एखाद्या उमेदवारासाठी काही करावयाचे असेल, त्यांनी अर्ज भरण्याच्या आधीच एकत्र बसावे. वर्गणी मागण्यास कोण जाणार हे ठरविण्यापूर्वी हिशेब कोण लिहिणार हे ठरवावे. आणि त्या कामास सर्वांत उत्साही माणूस न घेता सर्वांत काटेकोर माणूस घ्यावा. खर्चाची संमती देण्याचा अधिकार एकाच्याच हाती ठेवावा. पावतीपुस्तकांस क्रमांक घालावेत. सभेत झोळी फिरवावयाची झाली, तर ती सर्वांदेखत मोजावी आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. निकाल काहीही लागो, हिशेब सादर झाल्यावर तोच हिशेब ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यापुढे गावच्या चावडीवर वाचून दाखवावा. कायदा एवढे मागत नाही. पण असे वाचन ज्या गावाने एकदा ऐकले, ते गाव पुढच्या उमेदवारासही तोच प्रश्न विचारील. आणि ज्याला आपला हिशेब चावडीवर वाचण्याची तयारी नाही, त्याने त्या गावात मत मागावयास येण्यापूर्वी दोनदा विचार करावा, एवढी जरी रीत पडली, तरी गुरुजींची अनामत जप्त झाल्याचे दुःख त्यांच्या विद्यार्थ्यांस फार दिवस राहणार नाही.